सहकाराला दहा डोकी

विद्यापीठाला एखादा विषय नकोसा झाला की ते त्याला बंद करत नाही. बंद करणं असंस्कृत दिसतं. विद्यापीठ त्याला ऐच्छिक करतं आणि मग विद्यार्थ्यांची इच्छा काय आहे ते पाहत निवांत बसतं. गजेंद्र सरांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. अमरावतीच्या त्या अर्थशास्त्र विभागात कितीतरी सहकाऱ्यांचे विषय त्यांनी असेच ऐच्छिक होताना पाहिले होते. प्रत्येक वेळी मागच्या खुर्चीत बसून, एका हातात समोसा धरून, दुसरा हात त्यांनी मंजुरीसाठी वर केला होता. जूनमधल्या त्या बैठकीत मात्र भिंतीवरच्या पडद्यावर 'सहकाराचे अर्थशास्त्र' अशी अक्षरं उमटली आणि सरांचे दोन्ही हात एकदम खाली आले.

हा विषय सरांचा. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तो इतकी वर्षं सक्तीचा होता, त्यामुळे त्यात काही गोडी असावी अशी गरज कुणालाच वाटली नव्हती. सरांना तर नाहीच. विभागप्रमुख पायल मॅडम स्वतः कधीकाळी तिसऱ्या बाकावर बसून सरांकडे सहकार शिकल्या होत्या. म्हणूनच तो ऐच्छिक करण्याबाबत त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती.

"नव्या धोरणात आपण विद्यार्थ्यांपुढं टोपल्या ठेवतो," मॅडम म्हणाल्या. "टोपलीत विषय असतात. विद्यार्थी आपल्या आवडीचा उचलतो. सहकार एका टोपलीत, डेटा विश्लेषण त्याच टोपलीत. ज्या विषयाला दहा विद्यार्थी मिळतील तो चालेल."

"अन् नाही मिळाले तर?" सरांनी विचारलं.

"तर तो यंदा उघडणार नाही. तुमचा कार्यभार आपल्या अकोल्याच्या उपकेंद्राकडं जाईल. तिथं बी.कॉम.च्या मुलांना शिकवायला माणूस हवाच आहे."

बैठकीतल्या बाकीच्यांनी टेबलाकडे पाहिलं. आपला विषय टोपलीत पडलेला नसला की माणसाला टेबल फार प्रेक्षणीय वाटतं.

आता अकोला म्हणजे काही काळं पाणी नव्हे. अमरावतीहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येतं, आणि तिथलं ऊन अमरावतीपेक्षा फार कडक असतं हे अमरावतीचे लोकच सांगतात. सरांची अडचण वेगळी होती. अकोला ही त्यांची सासुरवाडी. अंजनगाव सुर्जीच्या स्वाभिमानी घरातला हा मुलगा शिकला, प्राध्यापक झाला, अमरावतीत त्यानं घर बांधलं, दारावर पितळी पाटी लावली. आणि चोपन्नाव्या वर्षी सासूच्या घरात वरच्या खोलीत जाऊन राहायचं? भाड्याने वेगळं घर घ्यावं तर सासूचं घर रिकामं असताना जावयाने भाड्याने राहणं हा त्या गल्लीत मोठाच अपमान समजला जाईल, आणि तो सासूचा. म्हणजे काहीही केलं तरी घरजावईच.

घरी येऊन त्यांनी आशाबाईंना सांगितलं. आशाबाई कढीपत्ता खुडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मंग त्यात काय झालं? आईचं वरतं रिकामंच हाय."

"मी घरजवाई होऊ काय आता?"

"अवो, घरजवाई तरणे असतात. तुमाले कोन म्हणन?"

सरांना या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला आणि लागला तेव्हा त्यांनी ताबडतोब दहा विद्यार्थी जमवायचं ठरवलं.

विद्यार्थ्यांनी निवड करायची ती संगणकावर. पहिल्या आठवड्यात डेटा विश्लेषणाला चाळीस जण गेले आणि सहकाराला तीन. या तिघांपैकी एकाचे वडील सूतगिरणीचे संचालक होते. एक मुलगी नांदगाव पेठेहून यायची, तिची गाडी उशिरा पोचायची आणि सहकाराचा तास दुपारचा होता. तिसऱ्याने हा विषय का घेतला हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. सरांनी फार खोदून विचारलं नाही.

सरांच्या शेजारी खुशालराव राहत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांच्याकडून एक कागद पुढे सरकवून घ्यायला लोकांचे जोडे झिजत. निवृत्त झाल्यापासून मात्र ते कुणाचंही काम अडू देत नसत. सकाळी फाटकाच्या भिंतीवर दोन्ही कोपर टेकवून ते सल्ला घेऊन उभेच असायचे.

"गजेंद्रभाऊ, नाव बदला," ते म्हणाले.

"माहं?"

"तुमचं बदलून काय फायदा? विषयाचं बदला. सहकार म्हटलं का पोट्ट्यांले सोसायटीची वसुली आठवते. मागं-पुढं 'नवी' लावा. आजकाल 'नवी' लावल्याबिगर झाडूही खपत नाई."

सरांनी 'नवी अर्थव्यवस्था आणि सहकार' असं नाव काढलं आणि अर्ज केला. पायल मॅडमनी तो अभ्यासमंडळाकडे पाठवला. अभ्यासमंडळ म्हणालं, नाव नवं असेल तर अभ्यासक्रमही नवा हवा. सरांनी जुन्याच अभ्यासक्रमातली शेवटची दोन प्रकरणं पहिल्यांदा घेतली आणि तो नवा केला. मंडळाने ही क्रांतिकारक सुधारणा एकमताने मंजूर केली. पण नव्या विषयाला नवा क्रमांक हवा, आणि अर्थशास्त्राला नेमून दिलेले क्रमांक संपले होते. संगणक विभागातल्या बाबूने पाहिलं, शारीरिक शिक्षणाचे दोन क्रमांक शिल्लक होते. त्याने त्यातला एक देऊन टाकला. सरकारी कामात इतकी तत्परता क्वचितच दिसते.

पंधरा दिवसांत सरांच्या विषयाला तेवीस विद्यार्थी झाले. सरांनी घरी पेढे आणले. खुशालरावांनी दोन खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला, कारण यश त्यांचंच होतं.

पहिल्या तासाला सर वर्गात शिरले तर मागचे सगळे बाक भरलेले. पोरं दणकट, ट्रॅकपँट घातलेली, दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. सरांना वाटलं, सहकाराला अखेर चांगले दिवस आले. त्यांनी फळ्यावर 'सहकाराची तत्त्वे' असं लिहिलं आणि वळले. मधल्या बाकावरचा श्याम नावाचा उंच पोरगा उभा राहिला. तो विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा कप्तान होता.

"सर, मैदानात कवा जायचं?"

"कशाले?"

"खेळाचा विषय हाय ना हा? मशिनीवर तं खेळाच्या टोपलीत दिसून राहिला."

सरांनी त्यांना समजावून सांगितलं की सहकार हासुद्धा एक सांघिक... पण वाक्य पुरं होईपर्यंत वर्ग मोकळा झाला. पोरांनी त्याच दुपारी निवड बदलली. सहा जणांना ती बदलता आली नाही, कारण संगणकावरची खिडकी पाच वाजता बंद झाली आणि ते तेव्हा सरावाला होते. श्याम त्यातलाच. आधीचे तीन आणि हे अडकलेले सहा मिळून नऊ झाले. विद्यार्थ्यांच्या इच्छेचा मान राखणारं धोरण ते हेच.

आता एक डोकं कमी होतं. एकासाठी माणूस काय काय करतो हे ज्याने ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिली आहे त्याला सांगायला नको. सरांनी ग्रंथालयातल्या मुलांना चहा पाजला. वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभं राहून पुढाऱ्यासारखे हात जोडले. एक पोरगा तयारही झाला होता, पण तो इतिहासाचा निघाला आणि त्याच्या टोपलीला अर्थशास्त्र चालत नव्हतं. अखेर सरांना आपली भाची आठवली.

आचल ही त्यांच्या सख्ख्या बहिणीची, आरतीची, मुलगी. गाव हिवरखेड. ती याच विभागात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिने अर्थातच डेटा विश्लेषण घेतलं होतं. पण इथं एक नियम आडवा येत होता. शिक्षकाचा जवळचा नातेवाईक परीक्षेला बसत असेल तर त्या शिक्षकाला तो पेपर काढता येत नाही आणि तपासताही येत नाही. सहकार शिकवणारा दुसरा माणूस विभागात नव्हता. म्हणजे आचल भाची आहे हे उघड झालं की विषय बंद, आणि अकोला.

सरांनी हा पेच खुशालरावांपुढे ठेवला. खुशालरावांनी डोळे मिटून विचार केला. नोकरीत ते असा विचार करायला लागले की अर्जदार उद्या येतो म्हणून निघून जात.

"आडनाव एक हाय का?"

"नाही. भाची आहे ती."

"मंग झालं. लेक दिली ते घर परकं. तिची लेक तं आणखीनच परकी. कागदाले नातं आडनावावरून समजते. आडनाव नाई, नातं नाई."

"पण खरं..."

"गजेंद्रभाऊ, तुमी खरं सांगायले चालले का विषय चालवायले चालले?"

सर हिवरखेडला निघाले. वाट अकोल्यावरून जाते, आणि सासुरवाडीवरून न थांबता गेलं तर ते संध्याकाळपर्यंत सर्वांना कळतं, म्हणून ते थांबले. सासूबाई मनकर्णाबाई पंचाहत्तरीच्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी जावयाला जिना चढायला लावलं. वरची खोली पोपटी रंगाने रंगवून झाली होती. खिडकीला नवे पडदे होते. भिंतीत पाटी ठोकायला खिळासुद्धा मारून ठेवला होता.

"आमी काई बोललो काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "चालो तुमचा विषय, शंभर वर्सं चालो. मी आपली रिकामी बसून होती, रंग देल्ला. पन नाईच चालला तर कूलर कोनता आणू तेवढं सांगून जा, जवाई. मंग ऐन उनात भेटत नाई."

सर चहा अर्धा टाकून उठले आणि हिवरखेडची गाडी पकडली.

आरतीने भावाला जेवू घातलं आणि लेकीला समोर बसवलं. आचलने सगळं ऐकून घेतलं.

"मामा, डेटा शिकलं तं नोकरी लागते. सहकार शिकून काय लागते?"

"संस्कार," सर म्हणाले.

"ते तं आईनं कवाच लावले."

"कार्टे, मामाची नोकरी जाऊन राहिली अन् तू हिशेब करून राहिली?" आरती म्हणाली.

"नोकरी कोठी जाऊन राहिली? मामा अकोल्याले जाऊन राहिले."

"मंग तेच ते."

आरतीची स्वतःची नणंद अकोल्यात होती, त्यामुळे त्या गावाबद्दल आरतीचं मत कायमचं बनून गेलं होतं. आचलने आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. सर तिच्याकडे अशा चेहऱ्याने बघत होते की एखादी भिंतही डेटा सोडून सहकाराकडे आली असती.

"बरं," ती म्हणाली. "येते. पन वर्गात मी तुमाले ओळखत नाई अन् तुमी मले. पोट्ट्या म्हणतीन मामानं पास केलं."

सरांना हे फारच पसंत पडलं. विभागात परत आल्यावर त्यांनी निवड बदलण्याचा तिचा अर्ज पायल मॅडमपुढे ठेवला. हिवरखेडची एक होतकरू विद्यार्थिनी, सहकाराची ओढ असलेली, असं तिचं वर्णनही केलं. मॅडमनी अर्ज वाचला, सरांकडे एकदा पाहिलं आणि सही केली. दहा झाले. नातेवाईक कुणी नाही, असं सरांनी लिहून दिलं. लिहिताना पेन अडखळलं, पण तो शाईचा दोष असावा.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. कबड्डीवाले सहा जण मागे बसून डुलक्या घेत, पुढचे तीन लिहून घेत, आणि आचल मामाकडे न पाहता मामाचं ऐके. व्हरांड्यात समोरासमोर आलेच तर सर झटकन वळून नोटीस बोर्ड वाचत. तेवढ्या काळात विद्यापीठातला सर्वांत जास्त नोटिसा वाचलेला माणूस ते झाले.

दिवाळीनंतर समिती आली. ज्या विषयांना जेमतेम विद्यार्थी आहेत ते विषय ठेवावे की काढावे हे ठरवणारी समिती. अध्यक्ष पुण्याकडचे होते, आवाज हळू, कपडे पांढरे, आणि वाक्यागणिक 'बरं का' म्हणणारे. दुसरे सदस्य चहा केव्हा येतो यावर देखरेख करायला असावेत. सरांचा तास सुरू व्हायच्या आधीच समिती मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसली, शेजारी पायल मॅडम. वर्गात नऊच जण होते. आचलचा पत्ता नव्हता. दहावी आली नाही तर समिती उठून जाईल आणि वरच्या खोलीत कूलर बसेल.

तेवढ्यात दारात आचल उभी. दिवाळीला घरी गेलेली, थेट गाडीतून उतरून आलेली, केस वाऱ्याने विस्कटलेले, एका खांद्यावर बॅग, हातात आईने दिलेली फराळाची पिशवी. पिशवीवर आरतीच्या हाताची गाठ. ती पाहिली आणि सरांच्या मनातला प्राध्यापक कुठल्या कुठे गेला. उरला तो हिवरखेडच्या आरतीचा भाऊ.

आता आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असली तरी पडतो आणि आजी झाली तरी पडतो. बहिणीचं लेकरू ते, त्याचा मान मोठा. भाची दारात आली की मामाची कंबर आपोआप वाकते, त्यासाठी त्याला विचार करावा लागत नाही. सरांनी तो केलाही नाही. हातातला खडू टेबलावर ठेवला, चार पावलं पुढे गेले, वाकले, आणि भर वर्गात, समितीच्या डोळ्यांदेखत, विद्यार्थिनीच्या पावलांना हात लावून तो कपाळाला लावला.

उठता उठता त्यांना कळलं की आपण काय केलं. आचलने डोळे मिटून घेतले होते. वर्गात इतकी शांतता झाली की मागचे कबड्डीवाले जागे झाले.

"सर," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "हे काय होतं, बरं का?"

सर उभे होते. एकीकडे त्यांची इभ्रत होती. 'भाची आहे माझी, आमच्याकडची रीत आहे' एवढं म्हटलं की ती शाबूत राहत होती, आणि विषय जात होता. दुसरीकडे विषय होता. गप्प बसलं की तो राहत होता, आणि विद्यार्थी टिकावेत म्हणून पोरींच्या पाया पडणारा प्राध्यापक अशी कीर्ती आयुष्यभर मागे लागत होती. सरांच्या डोळ्यांपुढे पोपटी रंगाची खोली आली.

"पद्धत आहे," ते म्हणाले.

"कुणाची?"

"माझ्या वर्गाची. नव्या धोरणात विद्यार्थी केंद्रस्थानी आहे. मग शिक्षकाने... सुरुवात नमस्काराने करावी."

अध्यक्षांचे डोळे मोठे झाले. चहावाल्या सदस्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"सगळ्याच विद्यार्थ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग आम्ही यायच्या आधी झाले असतील बाकीचे?"

इथे सर 'हो' म्हणाले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण समिती तास सुरू होण्याआधीपासून बसलेली होती. "नाही. सगळे आल्यावर एकदमच करतो."

"मग करा ना," अध्यक्ष म्हणाले. "आम्हाला पाहू द्या, बरं का."

सरांचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखत होता. तरी ते पहिल्या बाकाकडे निघाले. सूतगिरणीच्या संचालकांच्या चिरंजीवांनी पाय जरा पुढे करून नमस्कार स्वीकारला. घरात तशी सवय असावी. नांदगाव पेठेची पोरगी बाक ओलांडून पळायच्या बेतात होती, पण सर पोचले. तिसऱ्याला काय चाललंय ते कळलं नाही, त्याने उलट सरांना 'सुखी राहा' म्हटलं. मग आले कबड्डीवाले. पाच जणांनी कसंबसं सोसलं. सहावा श्याम.

श्याम पेंगेतून नुकताच जागा होऊन बाकाबाहेर पाय टाकून बसला होता. वाकलेला माणूस घोट्याकडे हात नेतो म्हणजे काय, याचं त्याला एकच शिक्षण मिळालं होतं, आणि ते सहा वर्षांचं होतं. सरांचा हात घोट्याला लागताच त्याचा पाय झटक्यात वर गेला, तो सरांच्या पाठीवरून उडी मारून पलीकडे गेला, धावत जाऊन फळ्याला हात लावला आणि दम धरून उभा राहिला. सर बाकाखाली गेले होते. मागच्या एकाने सवयीने शिट्टी वाजवली.

त्यांना चौघांनी बाहेर काढलं. चष्म्याची एक काडी वाकली होती. श्याम पुन्हापुन्हा म्हणत होता, "सर, मले वाटलं पकड हाय. आईशप्पत, मले वाटलं पकड हाय."

अध्यक्षांनी सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. विद्यार्थिकेंद्रित शिक्षण आजवर कागदावरच वाचलं होतं, आज ते जमिनीवर पाहिलं, असं काहीसं ते म्हणाले. सर खरोखर जमिनीवरच होते, तेव्हा यात अतिशयोक्ती नव्हती.

समिती गेल्यावर पायल मॅडमनी सरांना खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. बैठकीतलं मराठी त्यांनी दाराबाहेरच ठेवलं होतं.

"सर, मी दर्यापूरची हाव. माहे मामा माह्या पाया पडतात. अजूनई."

सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"मी तुमाले काई विचारून नाई राहिली," मॅडम म्हणाल्या. "समितीनं विभागाले वरचा दर्जा देल्ला. खालच्या मजल्यावरच्या राज्यशास्त्रवाल्यांचं तोंड पाह्यलं का तुमी? आता पद्धत हाय म्हणजे हाय. फक्त एक करा. गुडघ्याले पट्टा लावत जा. हे आता रोज करा लागन."

आणि ते रोज करावं लागलं. दुसऱ्या विभागांचे लोक दारातून डोकावत. आचल तास सुरू व्हायच्या आधीच शेवटच्या बाकावर जाऊन पाय वर घेऊन बसे, कारण मैत्रिणी तिला विचारत, तू सरांचं असं काय पकडलंस की त्यांनी सुरुवात तुझ्यापासून केली? कॉलनीत बातमी पोचली तेव्हा खुशालराव भिंतीवर कोपर टेकून उभे होते.

"गजेंद्रभाऊ, पोट्ट्यांच्या पाया पडून विषय चालवून राहिले म्हणते? मी नाव बदला म्हटलं होतं. एवढं नवतं म्हटलं."

सर घरात गेले. आशाबाई गुडघ्याला तेल लावायला बसल्या.

"सांगून टाका ना भाची हाय म्हणून. लोकं हासून राहिले."

"सांगितलं का अकोला."

"मी तेच म्हणून राहिली," आशाबाई म्हणाल्या.

जानेवारीत समितीचा अहवाल आला. तो वाचून विद्यापीठाने नियम बदलले. विद्यापीठाला चांगली गोष्ट दिसली की ती सक्तीची केल्याशिवाय राहवत नाही. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आता 'विनम्रता: सिद्धांत आणि प्रात्यक्षिक' हा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य झाला. तो शिकवायला एकच अनुभवी माणूस उपलब्ध होता. या नव्या विषयाने गजेंद्र सरांचा कार्यभार पूर्ण भरला, त्यामुळे सहकार पुढच्या सत्रापासून टोपलीतून काढण्यात आला. आचलने त्याच दिवशी डेटा विश्लेषणाकडे अर्ज केला. कबड्डीवाल्यांना कुणी काही कळवलं नाही. ते आठवडाभर रिकाम्या वर्गात येऊन झोपून गेले.

नवा विषय प्रायोगिक तत्त्वावर आधी एका ठिकाणी चालवून पाहायचा होता. अमरावतीतल्या प्राध्यापकांनी आपापल्या महाविद्यालयांसाठी तो आदरपूर्वक नाकारला. मग अकोल्याचं उपकेंद्र निवडण्यात आलं. अकोल्याला कुणी विचारलं नव्हतं.

"माह्यासाठी एवढं एक करा," सर पायल मॅडमना म्हणाले. "मले बी.कॉम.च द्या. अकोल्याले जातो, पन हे विनम्रता नको."

"सर, तुमीच सुरू केलं," मॅडम म्हणाल्या. "अन् आता ते ऐच्छिक नाई."

उन्हाळा लागताना आशाबाईंनी सामान बांधलं. त्यांच्या चेहऱ्यावर पतीच्या दुःखात सहभागी असल्याचा भाव होता, फक्त त्या गाणं गुणगुणत होत्या. वरच्या खोलीत कूलर चालू होता. सोमवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्याला पट्टा बांधून उपकेंद्रात गेले. मोठा हॉल, बी.कॉम.ची दीडशे पोरं. सर आत शिरले. कुणी उठलं नाही. एक जण वडापाव खात होता. दोघं पाय समोरच्या बाकावर टाकून मोबाइल पाहत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "हेच थे पाया पडणारे सर. मले पह्यले, सर, मले घाई हाय."

सर फळ्यापाशी उभे राहिले. जूनपासून गिळलेलं एकेक वाक्य त्यांच्या गळ्यापर्यंत आलं. त्यांनी वडापाव खिडकीबाहेर फेकला, मोबाइलवाल्या दोघांना कॉलरला धरून उठवलं आणि मागच्या चार रांगा हॉलबाहेर काढल्या. उरलेल्यांना उभं केलं. मग दम घेऊन फळ्यावर लिहिलं, 'विनम्रता म्हणजे काय?'

बाहेर काढलेल्यांपैकी एक पोरगा खिडकीशी आला. हात जोडून, मान झुकवून, अतिशय अदबीनं त्याने विचारलं, "सर, आमची हजेरी तं लागन ना?"

"तुह्या बापाचं उपकेंद्र हाय का बे हे?" सर म्हणाले.

आणि अकोल्यात प्रात्यक्षिक सुरू झालं.